शाळेतील समुपदेशक आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक विद्यार्थी-गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



आज या व्यासपीठावर येऊन ज्या मुलामुलींनी पारितोषिके स्वीकारली, त्यांचे व त्यांच्या मातापित्यांचे आम्ही प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. गुणवंतांचा गौरव करण्याची ही प्रथा मंडळाने निष्ठेने चालविली आहे आणि ती स्तुत्य आहे. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन गावांत आपल्यापैकी बहुतेकांचे ना वाडवडिलांचे वाडे आहेत, ना शेतीवाडी. शिक्षण हेच आपले भांडवल. त्या भांडवलात भर घालणाऱ्या मुलांचे कौतुक ज्ञातीने करावयाचे नाही तर कोणी करावयाचे?

परंतु मंडळाने आम्हांला 'शाळेतील समुपदेशक' या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा प्रथम आमच्या मनात आली ती आज या सभागृहात नसलेली मुले. पारितोषिकांच्या यादीत नाव नाही म्हणून काही मुले घरी राहिली असतील. काहींना, "चार माणसांत कोणी टक्के विचारले तर काय सांगायचे?" या संकोचाने आईवडिलांनीच घरी ठेवले असेल. गौरवाचा हार ज्यांच्या गळ्यात पडला, त्यांच्याहून या मुलांची संख्या मोठी आहे, आणि तीही आपलीच मुले आहेत. आजचे चार शब्द प्रामुख्याने त्यांच्यासाठी आहेत.

समुपदेशक म्हणजे कोण, याविषयी पालकांत बरेच गैरसमज आढळतात. शब्दात 'उपदेश' असल्यामुळे पुष्कळांना वाटते, की हा गृहस्थ मुलाला समोर बसवून चांगल्या वागणुकीचे पाठ देत असेल. मुलांना उपदेशाची टंचाई कधीच नव्हती. घरी आईवडील, शाळेत गुरुजन, सणासुदीला आलेले मामा-काका, हे सर्वजण उपदेशच करीत असतात. समुपदेशकाच्या कामात उपदेश अत्यल्प आणि ऐकणे व पाहणे पुष्कळ असते. मानसशास्त्राचे शिक्षण घेतलेली, मुलाला गुण न देणारी व शिक्षाही न करणारी, आणि मुलाने सांगितलेले पोटात ठेवणारी अशी ही शाळेतील एक व्यक्ती होय. दुसरा गैरसमज असा, की समुपदेशकाकडे वेड्या मुलाला पाठवितात. वस्तुतः ताप आलेल्या प्रत्येक मुलाला जसे आपण शस्त्रक्रियेसाठी नेत नाही, तसेच मन अस्वस्थ झालेल्या प्रत्येक मुलास मनोविकारतज्ज्ञ लागत नाही. ज्याला खरोखर लागतो त्याला वेळीच ओळखून तेथवर पोहोचविणे, हेही समुपदेशकाचेच काम आहे.

शाळेत शिक्षकाखेरीज असा मार्गदर्शक असावा, हा विचार नवा नाही. अमेरिकेतील बोस्टन शहरी फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ मध्ये तरुणांना व्यवसाय निवडण्यास साहाय्य करणारी कचेरी उघडली, तेथून या शास्त्राचा आरंभ मानतात. आपल्या मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांच्या नावाचे एक खासगी मार्गदर्शन केंद्र निघाले आणि १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपले व्यवसाय मार्गदर्शन केंद्र डॉ. एच. पी. मेहता यांच्या संचालकत्वाखाली सुरू केले. ही गोष्ट आम्ही या व्यासपीठावरून मुद्दाम सांगत आहोत. मुंबई सरकारने असे केंद्र काढले ते १९५० मध्ये. म्हणजे संख्येने लहान असलेल्या एका समाजाच्या पंचायतीने या कामी सरकारच्याही आधी पाऊल टाकले. ज्ञातिसंस्थांचे काम वधूवर मेळावे व कोजागिरी यांपुरतेच असते, असे ज्यांना वाटते त्यांनी हे उदाहरण अवश्य लक्षात घ्यावे.

पुढे माध्यमिक शिक्षणाचा विचार करणाऱ्या मुदलियार आयोगाने १९५३ मध्ये शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी असे सुचविले. कोठारी आयोगाने १९६६ च्या आपल्या अहवालात त्याहून व्यवहार्य सूचना केली. प्रत्येक शाळेला स्वतंत्र समुपदेशक परवडणार नाही हे ओळखून, निदान दहा शाळांमागे एक फिरता समुपदेशक असावा, असे त्या आयोगाने सांगितले. महाराष्ट्रात पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने १९६२ पासून मानसशास्त्राची जोड शिक्षणाला दिली. तिचे संस्थापक डॉ. वि. वि. उर्फ आप्पा पेंडसे हे स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक होते. आपल्या ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' ही संस्था काढून मनाच्या आरोग्याचा विषय मध्यमवर्गीय मराठी घरांत आणून पोहोचविला. सारांश, विचार झाला, संस्था निघाल्या. परंतु कोठारी आयोगाचा तो साधा हिशेब, दहा शाळांना एक माणूस, साठएक वर्षांनंतरही सर्वत्र अमलात आलेला दिसत नाही.

आता आपल्या तीन गावांकडे वळू. उल्हासनगरचा जन्मच मुळी विस्थापितांच्या छावणीतून झाला. महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तेथील पत्ता 'कॅम्प नंबर' लावूनच सांगतात. घर, गाव व भाषा एकाएकी सुटलेल्या त्या मुलांनी मनात काय सोसले असेल, ते विचारणारा माणूस त्या वेळी शाळांत नव्हता. अंबरनाथ हे शिवालयाचे गाव. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख तेथे आहे. परंतु आधुनिक अंबरनाथ घडविले ते दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याने व औद्योगिक वसाहतीने. त्यामुळे पाळीची नोकरी तेथील घरांच्या अंगवळणी पडली. बदलापूर तर आपल्या डोळ्यांदेखत वाढले. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती, ती २०११ मध्ये १,७४,२२६ झाली. दादर-परळची चाळ सोडून, डोंबिवलीचेही भाव परवडेनासे झाल्यावर जी कुटुंबे पुढे सरकली, त्यांत आपल्या ज्ञातीची किती घरे आहेत हे मंडळाच्या सभासद-सूचीवरून कोणीही मोजावे.

या स्थलांतराचा मुलांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार जवळचा आहे. बदलापूर स्थानकापासून मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे ६८ किलोमीटर. जाण्यास दीड तासाच्या आसपास व येण्यास तितकाच. घरापासून स्थानक व स्थानकापासून कचेरी हा वेळ वेगळाच. सकाळी मूल उठण्यापूर्वी वडील गेलेले असतात आणि रात्री ते परततात तेव्हा मूल पेंगुळलेले असते. पुष्कळ घरांत आईचीही तीच स्थिती. चाळीत असताना शेजारची काकू मुलाचा चेहरा पाहून "आज काय झाले रे?" असे विचारीत असे. गावी आजी होती. नव्या सदनिकेत दार बंद, आजी गावी आणि मुलाच्या हाती मोबाईल. चेहरा वाचणारी माणसे मुलाच्या आयुष्यातून अशी एकेक करून कमी झाली. शाळेतील समुपदेशक हा त्या माणसांची जागा पूर्णपणे भरून काढू शकणार नाही. परंतु "काय झाले?" असे शांतपणे विचारणारा निदान एक प्रौढ मनुष्य मुलाला मिळतो, हे थोडे नव्हे.

शिक्षकांनी हे काम का करू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे, आणि अनेक शिक्षक ते मनापासून करतातही. परंतु पस्तीस मिनिटांची तासिका व वर्गात साठ मुले असा हिशेब मांडला, तर प्रत्येक मुलाच्या वाट्यास जेमतेम अर्धा मिनिट येतो. त्यात पाठ शिकवावयाचा, वह्या पाहावयाच्या, हजेरी घ्यावयाची. शिवाय ज्याच्या हाती गुण आहेत, त्याच्याजवळ मन मोकळे करण्यास मूल कचरते.

गुणांच्या बाबतीत समुपदेशकाचा उपयोग कसा होतो, ते आता पाहू. समजा, सातवीपर्यंत बरे गुण मिळविणारी एक मुलगी आठवीत गणित व विज्ञानात एकदम मागे पडली. घरचा निष्कर्ष ठरलेला: अभ्यास करीत नाही, मोबाईल पाहते. उपायही ठरलेला: आणखी एक शिकवणी. समुपदेशक निष्कर्षाने आरंभ करीत नाही. तो मागील तीन वर्षांची गुणपत्रके मांडतो, वर्गशिक्षकांशी बोलतो, मुलीला एखादे गणित मोठ्याने वाचून सोडवावयास सांगतो. तेव्हा कदाचित असे आढळते, की याच वर्षी तिने सेमी-इंग्रजी घेतले असून गणिताची रीत तिला येते, मात्र इंग्रजीतील प्रश्न काय विचारतो तेच कळत नाही. येथे शिकवणी बदलून काय होणार? दोन महिने रोज गणितातील वीस इंग्रजी शब्दांची ओळख करून दिली, तर कदाचित सर्व प्रश्न मिटेल. दुसरे एखादे मूल फळ्यावरील अक्षर न दिसल्याने मागे पडलेले असते, त्यास चष्मा लागतो. तिसरे सर्व समजूनही परीक्षेच्या दालनात थरथरते. त्यास श्वासाचे व वेळ वाटून लिहिण्याचे शिक्षण द्यावे लागते. रोग एकच दिसला तरी कारणे निराळी असतात. कारण न शोधता दिलेले औषध वाया जाते, क्वचित अपायही करते.

अध्ययन-अक्षमता या विषयाकडे आम्ही पालकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. काही मुले बुद्धीने तल्लख असतात. तोंडी विचारले तर सर्व सांगतात, पण वाचताना अक्षरे उलटसुलट होतात, लिहिताना शब्द गळतात. 'तारे जमीन पर' या २००७ च्या चित्रपटामुळे ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक झाली. पण आपल्या महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय १९९६ मध्येच घेतला होता, हे फारसे कोणास ठाऊक नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातही विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. रीतसर तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळाले, तर परीक्षेत जादा वेळ, लेखनिक इत्यादी सोयी मिळतात. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशा मुलांच्या तपासणीचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्या गावातून तेथे एका लोकलने जाता येते. परंतु तपासणीची गरज आहे हे प्रथम कोणी तरी ओळखले पाहिजे. ते वेळीच ओळखले न गेल्याने 'आळशी', 'मठ्ठ' ही विशेषणे ऐकत अशा मुलांचे शालेय जीवन संपते.

दहावीनंतरच्या वाटा हाही गुणांशी जोडलेला प्रश्न आहे. विज्ञान शाखा, त्यातून अभियांत्रिकी अथवा वैद्यक, न जमल्यास वाणिज्य, हा क्रम आपल्या घरांत जणू जन्मपत्रिकेसारखा लिहिलेला असतो. समुपदेशक मुलाचा कल व क्षमता यांच्या चाचण्या घेऊन, त्याच्याशी चर्चा करून, त्याला योग्य वाटा दाखवितो. अंबरनाथच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत कुशल कारागिरीचे शिक्षण मिळते व शेजारीच कारखाने आहेत. यंत्रात रमणाऱ्या मुलाला तेथे पाठविण्यात कमीपणा कसला? आपल्या आवडीच्या कामाचे शिक्षण मिळणार हे समजताच, आजवर पुस्तकाकडे न पाहणारी मुले आपणहून अभ्यासास बसतात.

वर्तनाचा प्रश्न याहून नाजूक. मूल मारामारी करते, खोटे बोलते, शाळा चुकविते, वस्तू उचलते. अशा वेळी पूर्वी छडी होती. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने, कलम १७ अन्वये, शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस बंदी केली आणि ते योग्यच झाले. पण छडी काढून घेतल्यावर तिच्या जागी काय द्यावयाचे, हे शिक्षकांना पुरेसे शिकविले गेले नाही. समुपदेशकाजवळ त्यासाठी एक अगदी साधे साधन असते. ती एक तीन रकान्यांची वही होय. पहिल्या रकान्यात, प्रसंग घडण्यापूर्वी काय झाले. दुसऱ्यात, मुलाने नेमके काय केले. तिसऱ्यात, त्यानंतर त्याला काय मिळाले अथवा काय टळले. तीन आठवडे अशी नोंद ठेवली, की बहुधा काही तरी उलगडते.

उदाहरणादाखल सहावीतील एक कल्पित मुलगा घेऊ. 'हा रोज भांडतो' अशी त्याच्याविषयी तक्रार आहे. वही सांगते, की तो रोज भांडत नाही. आठवड्यातून तीनदा भांडतो, तेही मधल्या सुटीनंतरच्या तासाला. अधिक चौकशी करता कळते, की त्या तीन दिवशी आईला पहाटेची गाडी पकडावी लागते व मुलाचा डबा होत नाही. सुटीत इतर मुले डबा उघडून बसली, की तो एकटा नळापाशी उभा राहतो. कोणी चेष्टा केली, की हात उचलतो. मग त्याला वर्गाबाहेर उभे करतात, आणि त्यायोगे मुलांच्या नजरेतूनही त्याची सुटका होते. अशा मुलाला शिस्तीचे व्याख्यान द्यावे की आदल्या रात्री दोन पोळ्या जास्त कराव्यात, याचा निर्णय श्रोत्यांनीच करावा. अर्थात सर्व प्रकरणे इतकी सोपी नसतात. काहींत वडिलांचे व्यसन असते, काहींत आईवडिलांचा बेबनाव, काहींत कर्जाची चिंता. परंतु वर्तन ही मुलाची भाषा असून, जे शब्दांत सांगता येत नाही ते मूल वागणुकीतून सांगते, हे तत्त्व सर्वत्र लागू पडते. म्हणून समुपदेशक मुलाला मोकळे सोडा असेही म्हणत नाही. चुकीची जबाबदारी घेणे, ज्याला मारले त्याची क्षमा मागणे, राग आल्यास काय करावयाचे हे आधी ठरविणे, या गोष्टी तो मुलाकडून करवून घेतो. त्यात केवळ मुलाचा अपमान करावयाचा नसतो.

हे सर्व ऐकावयास बरे, पण याने फरक पडतो याला प्रमाण काय, असे विचारणारे चिकित्सक श्रोतेही येथे असतील. त्यांच्यासाठी दोन दाखले देतो. भावना ओळखणे, आवरणे व इतरांशी जुळवून घेणे यांचे शिक्षण देणाऱ्या शाळांतील २१३ कार्यक्रमांचा व एकंदर २,७०,०३४ विद्यार्थ्यांचा एकत्रित अभ्यास २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. असे शिक्षण मिळालेल्या मुलांचे वर्तन तर सुधारलेच, शिवाय सरासरी विद्यार्थी शंभरांच्या रांगेत ११ क्रमांक पुढे सरकावा इतकी अभ्यासातही प्रगती झाली. दुसरा दाखला आपल्याच देशातील, बिहारच्या नालंदा जिल्ह्यातील आहे. तेथील ७४ माध्यमिक शाळांत केलेला प्रयोग २०१८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. काही शाळांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या व्यक्तीस पूर्णवेळ समुपदेशक नेमले, काही शाळांत तेच काम शिक्षकांकडे सोपविले. जेथे स्वतंत्र व्यक्ती होती, तेथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांतील खिन्नता, दांडगाई व मारामाऱ्या कमी झाल्या. जेथे तेच काम शिक्षकांच्या डोक्यावर जादा ओझे म्हणून टाकले, तेथे असा फरक दिसला नाही. या प्रयोगातून आपण दोन गोष्टी घ्याव्या. हे काम कोणाच्या तरी उरल्यासुरल्या वेळावर ढकलून होत नाही, आणि प्रशिक्षण दिल्यास सामान्य पण तळमळीची माणसेही ते करू शकतात.

बंधुभगिनींनो, आपल्या गावात हा विषय काढताना ऑगस्ट २०२४ चे स्मरण टाळता येत नाही. बदलापुरातील एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले आणि २० ऑगस्ट रोजी संतप्त नागरिक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने त्या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्या दिवसांनंतर प्रत्येक घरात एकच प्रश्न होता: आपले मूल सुरक्षित आहे काय? कॅमेरे बसले पाहिजेत, कर्मचाऱ्यांची पडताळणी झाली पाहिजे, हे निर्विवाद. परंतु तीन-चार वर्षांच्या बालकाला घडलेले सांगण्यास शब्द नसतात. ते शाळेत जाण्यास एकाएकी नकार देते, झोपेत दचकते, अंथरूण ओले करते, विशिष्ट माणसाला पाहून आईला बिलगते. ही चिन्हे वाचण्यास शिकलेला माणूस शाळेत असणे, हाही सुरक्षिततेचाच भाग होय. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. समुपदेशक मुलाचे गुपित राखतो. मात्र मुलाच्या जिवाला अथवा शरीराला धोका असल्यास ते गुपित राहत नाही. बालकांच्या लैंगिक संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यानुसार, असा गुन्हा कळल्यावर पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. शाळेच्या नावाची अथवा घराच्या अब्रूची सबब तेथे चालत नाही.

आणि अब्रूची गोष्ट निघाली आहे, तर आमच्या मते या विषयातील जी खरी अडचण, तिच्याविषयी स्पष्ट बोलतो. आपल्या ज्ञातीत घरे एकमेकांना ओळखतात. ही आपली शक्ती आहे. अडल्यानडल्यास धावून येणारे येथे पुष्कळ आहेत. परंतु याच ओळखीमुळे मुलाला समुपदेशकाकडे नेल्याचे चार घरांत कळेल, उद्या सोयरीक जुळविताना कोणी तरी काढील, ही भीती आईवडिलांच्या मनात असते. म्हणून 'झाकली मूठ सव्वा लाखाची' या न्यायाने वर्षे निघून जातात. मुठीत पैसा असेल तर ती झाकून ठेवणे शहाणपणाचे. जखम झाली असेल तर झाकलेल्या मुठीत ती चिघळते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांनुसार त्या एका वर्षात आपल्या देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतील प्रत्येक घराला वाटले असेल, की आपल्याकडे असे काही होणार नाही. सोयरिकीच्या भीतीपेक्षा मुलाचे जीवन कितीतरी मोलाचे आहे, हे या व्यासपीठावरून सांगण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

कायदाही आता या बाजूने उभा राहिला आहे. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात देशातील शिक्षणसंस्थांसाठी निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने निदान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा आणि त्याहून लहान संस्थांनी बाहेरील तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा, असे त्यांत म्हटले आहे. खासगी शिकवणी-वर्गही यातून सुटलेले नाहीत. तेव्हा शाळेकडे समुपदेशक मागणे ही आता पालकांची मेहेरबानीची याचना राहिलेली नाही. ती न्यायालयाने मान्य केलेली रास्त मागणी आहे.

मग मंडळाने काय करावे? आम्ही चार सूचना नम्रपणे पुढे ठेवतो.

पहिली सूचना अशी, की मंडळाच्या शिक्षणनिधीचा काही भाग पारितोषिकांखेरीज या कामासाठी राखून ठेवावा. महिन्यातून दोन रविवार एक प्रशिक्षित समुपदेशक मुलांना व पालकांना भेटावा. ही व्यक्ती आपल्या ज्ञातीबाहेरची असावी. 'आपलाच माणूस बरा' हा आपला नेहमीचा विचार येथे उपयोगाचा नाही. ज्याला आपली नातीगोती ठाऊक नाहीत, ज्याला आपल्या लग्नकार्यात भेटावे लागणार नाही, त्याच्याजवळच आपल्या घरातील आई मोकळेपणाने बोलेल. भेटीची जागाही मंडळाचे सभागृह नसावी.

दुसरी सूचना: तिन्ही गावांतील ज्या शाळांत आपली मुले आहेत, त्यांतील लहान शाळांनी एकत्र येऊन एक फिरता समुपदेशक ठेवावा, म्हणून मंडळाने पुढाकार घ्यावा व यथाशक्ती वर्गणी द्यावी. कोठारी आयोगाचा दहा शाळांचा हिशेब आपण आपल्यापुरता तरी खरा करून दाखवू. तो समुपदेशक त्या शाळेतील प्रत्येक मुलाचा असेल, मग ते मूल कोणत्याही ज्ञातीचे असो अथवा सिंधी भाषिक असो. आपल्या मुलाशेजारी एकाच बाकावर बसणारे मूल दुःखी असेल, तर आपले मूल सुखाने शिकेल हे संभवत नाही.

तिसरी सूचना पालक-शिक्षक संघांवर व शाळा व्यवस्थापन समित्यांवर असलेल्या आपल्या सभासदांस. त्यांनी पुढील सभेत इतकेच विचारावे: आपल्या शाळेचा समुपदेशक कोण व तो कोणत्या वारी भेटतो? तक्रारपेटी कोण उघडतो व केव्हा? शासनाने सांगितलेली सखी सावित्री समिती झाली आहे काय, व तिची मागील सभा कधी झाली? प्रश्न विचारणारा एक पालक असला, तरी पुष्कळ गोष्टी हलू लागतात.

चौथी सूचना या समारंभाविषयी आहे. गुणवंतांची पारितोषिके अवश्य द्यावीत. त्यांच्यासोबत प्रगतीचे पारितोषिकही ठेवावे. पस्तीसवरून पंचावन्नावर आलेल्या मुलाने जे श्रम घेतले, ते नव्वदवरून ब्याण्णववर गेलेल्या मुलाहून कमी नसतात. तसेच आपल्या स्मरणिकेत दरवर्षी एक पान साहाय्याच्या पत्त्यांसाठी राखावे. तूर्त दोन क्रमांक सर्वांनी लिहून घ्यावेत: संकटातील बालकांसाठी १०९८, आणि मनाच्या आरोग्याविषयी केव्हाही विनामूल्य बोलण्यासाठी टेली-मानस, १४४१६.

पालकांना आमची एवढीच विनंती, की निकालाच्या दिवशी मुलाशी बोलताना पहिले वाक्य गुणांविषयीचे नसावे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०२२ मध्ये ३,७९,८४२ विद्यार्थ्यांची पाहणी केली, तेव्हा १०० पैकी ८१ मुलांनी अभ्यास, परीक्षा व निकाल हेच आपल्या काळजीचे कारण सांगितले. ती काळजी मुलाजवळ आधीच आहे. आपण तिच्यात भर घालण्याचे प्रयोजन नाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एकच सांगतो. साहाय्य मागणे हा दुबळेपणा नाही. गणित अडले तर तुम्ही गुरुजींना विचारता, तसेच मन अडले तर विचारावे. विचारल्यावर ऐकून घेणारा माणूस तुमच्या शाळेत असावा, ही व्यवस्था करणे आम्हां वडीलधाऱ्यांचे कर्तव्य आहे. आजच्या सभेने ते स्वीकारावे, पुढील वार्षिक सभेपूर्वी पहिल्या सूचनेपुरता तरी ठराव मंडळाने करावा, आणि पुढील वर्षी या समारंभाला, गुण कितीही मिळोत, ज्ञातीतील प्रत्येक मूल आईवडिलांचा हात धरून निःसंकोचपणे यावे, अशी इच्छा व्यक्त करतो.